खुडणीच्या दिवसांतलं इंग्रजी

खुडणीचे दिवस आले की माझ्या तोंडात इंग्रजी शब्द येतात. यंदाही आले. परवा सकाळी सरीतून चालता चालता मी "अबंडंट" म्हणालो आणि शेजारच्या सरीतली गंगव्वा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आप्पा, सकाळच्या पारी कुणाला शिव्या देतासा?"

"शिवी न्हाय गं, इंग्रजी हाय. अबंडंट. म्हणजे भरपूर."

"मग भरपूर म्हणा की. त्यासाठी तोंड एवढं वाकडं कशाला करायचं?"

बायका हसल्या. मीही हसलो असतो, पण मालकानं लगेच हसू नये म्हणून पुढं चालू लागलो. चालता चालता मनात आणखी दोन शब्द आले. गेली काही वर्षं हे असंच चाललंय. तंबाखूचं रोप मांडीला लागलं, टोकाला कळी धरायच्या बेतात आलं की शेंडा खुडायचा. न खुडला तर जमिनीचं सगळं बळ फुलाला जातं आणि पान कागदासारखं पातळ राहतं. शेंडा मोडला की 'कट्' असा ओला आवाज होतो. बोटाला चीक लागतो, हिरवट, मग काळा, डिंकासारखा. माती लावून चोळा, साबण लावा, काही उपयोग नाही. भाकरी मोडली तर भाकरी कडू लागते. डोळ्याला हात गेला तर दिवसभर पाणी. तो आवाज आणि तो वास आला की मला तो एक हंगाम आठवतो. सगळ्या हंगामांत तेवढाच एक माझ्या डोक्यात उभा आहे, हिरवागार, अजून न कापलेला.

त्याचं कारण त्रिशला. माझी नात, महावीरची मुलगी. निपाणीच्या कॉलेजात बी. कॉम. झाली आणि बँकेच्या परीक्षेला बसू लागली. गणित तिचं पक्कं. अडायचं ते इंग्रजीत. त्या परीक्षेत छोटे छोटे उतारे देतात, खाली प्रश्न विचारतात, आणि संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असतं. दोनदा बसली. दोन्ही वेळा उतारा अर्ध्यात असताना वेळ संपली आणि पडद्यानं आपला आपण दरवाजा लावून घेतला. तिसऱ्यांदा अर्ज भरला त्या दिवशी ती सोप्यात माझ्याजवळ येऊन बसली.

"आप्पा, ह्या खेपेला न्हाय जमलं तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकणार. बाबांच्या खताच्या दुकानात बसते."

दुकानात बसणं काही वाईट नाही. त्या दुकानावर आमचं घर चाललंय. पण ती हे इतक्या सपाट आवाजात म्हणाली, की मला वाटलं, हिनं मनातल्या मनात पुस्तकं बांधलीसुद्धा. एखादं झाड बाहेरून हिरवं दिसतं आणि मुळाशी हात लावला की हलतं, तसा आवाज.

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. सोडली म्हणजे, शाळेनं मला सोडलं नव्हतं, मीच उठून आलो. गुरुजींनी विनाकारण कान धरला म्हणून. वडिलांनी दोन दिवस समजावलं, मी गेलो नाही. मराठी वाचता येतं, बोट ठेवून. कन्नड बोलता येतं पाण्यासारखं, आणि वाचता येतं ते बसच्या पाटीपुरतं. इंग्रजीशी माझं भांडण होतं. जी भाषा मला बघून पुढं निघून जाते तिच्या मागं मी कशाला पळू, असा माझा हिशेब. औषधाच्या बाटलीवर इंग्रजी, खताच्या पोत्यावर इंग्रजी, आणि मी त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही, असं ठरवून बसलेला.

त्यात तिच्या क्लासचे सर निघाले भलतेच. बेळगावचे, खासबागेतले, विणकराच्या घरातला तरणा मुलगा. आठवड्यातून ठरल्या दिवशी निपाणीला येऊन शिकवायचे. त्यांनी मुलींना सांगितलं, रोज एक छोटा उतारा घ्या. मोबाइलवर वेळ लावा. मनातल्या मनात वाचा, ओठ हलवू नका. वेळ संपली की झाकून टाका आणि त्यात काय होतं ते आपल्या भाषेत दुसऱ्याला सांगा. मात्र सांगायचं अशा माणसाला, ज्याला इंग्रजी अजिबात येत नाही. येणारा माणूस मधेच मदत करतो आणि तुम्हाला वाटतं, आपल्याला समजलं.

त्रिशला घरी येऊन म्हणाली, "मी सरांना सांगून आले, आमच्यात आप्पा हायत."

मी फुगलो नाही असं कसं म्हणू. एवढ्या जन्मात माझ्या न येण्याला असा भाव कधीच आला नव्हता.

पहिला उतारा अजून आठवतो. खुडणीवरून येऊन मी हात चोळत ओट्यावर बसलो होतो. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, आमच्या घरची पद्धत, त्यामुळं आत भाकऱ्यांचा आवाज चालू. त्रिशला खांबाला टेकून बसली, मोबाइल समोर धरला. मी तिच्या ओठांकडं बघत होतो. हलत नव्हते. वाचणारं माणूस आणि ओठ हलत नाहीत, हे मी जवळून कधी पाहिलंच नव्हतं. आमच्याकडं वाचणं म्हणजे आवाज. तिचे फक्त डोळे जात होते, डावीकडून उजवीकडं, मग झटक्यात परत. मग वेळ संपल्याचा टिंग झाला आणि तिनं मोबाइल पालथा घातला.

"आप्पा, समुद्रात एक जनावर असतं. आठ हात त्याला. हाडं न्हाईत. त्याला तीन काळजं असतात, आणि रक्त निळं."

"कोण म्हणतं?"

"उताऱ्यात हाय."

"तीन काळजं? मग दुखलं तर कुठलं म्हणून धरायचं त्यानं?"

ती हसली, पण मी हसत नव्हतो. आमच्या जैन शास्त्रात जिवांची इंद्रियं मोजलेली आहेत, एका इंद्रियाचा जीव, दोन इंद्रियांचा, पाचांपर्यंत. लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं, की ती मोजदाद नुसती म्हणायची गोष्ट नव्हे. खरोखरच कुठंतरी खोल पाण्यात, अंधारात, एक जीव तीन काळजं धडधडवत बसलाय, आणि त्याला निपाणी माहीत नाही. आणि मला ते कशातून कळलं, तर नातीच्या हातातल्या दहा-बारा ओळींतून. समुद्र मी एकदाच पाहिलाय, तोही काठावरून. त्या दिवशी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला.

मग रोजच काहीतरी येऊ लागलं. एक पाखरू, मुठीत मावेल एवढ्या अंगाचं, दर वर्षी पृथ्वीच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जातं आणि परत येतं. मधमाशी फुलाची वाट सांगायला पोळ्यावर नाचते, आणि बाकीच्या माश्या तो नाच वाचतात. हो, वाचतात, त्रिशला असंच म्हणाली. एकदा बर्फाचा उतारा आला. फार खोलवरच्या बर्फात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, माणसं शेती करायच्याही आधीची हवा, तशीच्या तशी. मी त्या दिवशी जेवताना बोललोच नाही. त्या हवेत अजून कुणी नांगर हाकताना बैलाला ओरडलं नव्हतं. ती हवा तशीच गप्प बसलीय.

सुनेनं विचारलं, "आप्पा, पोटात दुखतंय काय?"

"न्हाय गं. बर्फाचा विचार करतोय."

ती महावीरकडं बघायला लागली.

पण गाडी अडली ती वेगावर. त्रिशला सांगायची छान, फक्त उतारा पुरा व्हायचा नाही. टिंग व्हायचं तेव्हा अजून खालच्या दोन-तीन ओळी राहिलेल्या असायच्या. नेमका तिथंच शेवट असायचा. पाखरू कुठं उतरलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

ती अडायची कुठं, ते मला लगेच समजलं. ती न समजणाऱ्या शब्दापाशी थांबायची. कपाळाला आठी यायची, डोळे तिथंच उभे राहायचे. आणि ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. आमच्या बस्तीत, म्हणजे देवळात, चातुर्मासात दिवस मावळायच्या आधी शास्त्र वाचतात. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. न कळलेला शब्द आला की वाचणारा थांबतो. कुणीतरी विचारतं, कुणीतरी सांगतं, कधी दोन म्हाताऱ्यांत वाद होतो, पण अर्थ हाताला लागल्याशिवाय पुढची ओळ उघडायची नाही. शब्द ओलांडून जाणं म्हणजे ताटात अन्न टाकून उठणं. त्रिशला लहानपणापासून तिथं वाचायची. तिचा आवाज घंटेसारखा, म्हणून मीच तिला पुढं बसवायचो. तर हे थांबणं तिला तिथं लागलेलं. चांगलंच लागलेलं. आजही मी त्याला वाईट म्हणणार नाही.

सर मात्र म्हणायचे, सोडा तो शब्द. पुढं चला.

"आणि तू सोडतेस?" मी विचारलं.

"सोडायला बघते. पाय निघत न्हाय."

"सोडूच नये. आज काय आलतं?"

"'स्केअर्स' म्हणून होतं. पाण्याबद्दल उतारा होता, दुष्काळाचा. म्हणजे कमी असणार, मिळायला अवघड."

"असणार? शास्त्रात असणार चालत न्हाय."

"बँकेत चालतं, आप्पा."

मला त्या सरांचा राग आला होता. भाषा म्हणजे काय वाटेतला चिखल आहे, उडी मारून जायला?

आणि मग तो रविवार. बायका कमी आल्या होत्या म्हणून त्रिशलाही डोक्याला फडकं बांधून खुडणीला आली. ती एका सरीत, मी दुसऱ्या. ऊन चांगलं चढलं होतं, पानांवरचं दव सुकून चीक सुटायला लागला होता. मी पुढं, ती थोडी मागं. मागून हाक आली.

"आप्पा, हे रोप सोडलंसा की."

"सोडलंय."

"आणि हे पण. इकडं तिसरं."

"अगं, त्याचा शेंडा अजून वर आला न्हाय. पोटात हाय. आत्ता मोडायला गेलीस तर पान फाटंल. परतीच्या पाळीला घेऊ, आपोआप वर आलेला असतोय."

मी वळून बघितलं. ती कमरेएवढ्या तंबाखूत उभी, दोन्ही काळे हात लांब धरलेले, आणि माझ्याकडं बघून गालात हसत होती.

"मग माझ्या शब्दांना का न्हाय परतीची पाळी?"

सरीत गंगव्वा होती, तिला काही कळलं नसावं, तरी ती हसली. मी खुडत राहिलो. पण पुढचं प्रत्येक रोप आता मला वेगळं दिसायला लागलं. शेत एका दमात कधीच खुडून होत नाही, हे मला पोरवयापासून माहीत आहे. पहिल्या पाळीत जेवढी तयार तेवढी घ्यायची. अडून बसलं तर तयार झालेली रोपं फुलावर जातात, आणि अडलेलं रोप काही लवकर वाढत नाही. परतून येईपर्यंत त्याला ऊन मिळतं, शेजारची मोकळी झालेली असतात, आणि ज्याचा शेंडा दिसतच नव्हता त्याचा बोटाएवढा वर आलेला असतो. हे सगळं माझ्या हातांना माहीत होतं. डोक्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणालो, "उद्यापासून पहिल्या पाळीत अडू नकोस. मात्र परतीची पाळी चुकवायची न्हाय. राहिलेला एकेक शब्द मला आणून दाखवायचा."

"व्हय, आप्पा," ती म्हणाली, आणि भाकरीवर मान खाली घालून सुनेकडं तिरकं बघितलं. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं केलं.

तिथून माझंही शिकणं सुरू झालं. आधी ती उतारा वाचून सांगायची, मग परतीच्या पाळीत सोडलेले शब्द ओळींसकट वहीत उतरवून माझ्यापुढं ठेवायची, आणि आम्ही दोघं आजूबाजूच्या ओळींवरून त्यांचा अंदाज घ्यायचो. मगच ती शब्दकोश बघायची. अंदाज बरोबर निघाला की तिचा चेहरा असा उजळायचा की मला वाटायचं, हिला आत्ता कुणीतरी दुरून हाक मारली. प्रत्येक शब्दाला मी आमच्यातला एक माणूस नाहीतर एक जागा नेमून टाकली. 'अबंडंट' म्हणजे पावसाळ्यातली वेदगंगा. 'ग्रॅज्युअली' म्हणजे वाळत घातलेलं पान. रोज बघितलं तर रंग बदललेला दिसत नाही, आणि एक दिवस बघावं तर हिरवं कुठं गेलं ते कळत नाही. 'एन्शंट' म्हणजे बस्तीच्या दारातला घासून गुळगुळीत झालेला दगड. 'रिलक्टंट' आला तेव्हा मी विचारलं, हा कोण?

"बाबा तुमाला दवाखान्यात न्यायला येतात तेव्हा तुमचं तोंड होतं ना, ते."

तो शब्द मी जन्मभर विसरणार नाही.

आणि मला आणखी एक गोष्ट उमगली, ज्याचं नवल अजून ओसरलेलं नाही. सर म्हणायचे, अक्षर अक्षर जोडत बसू नका, शब्द अख्खा उचला. त्रिशलाला ते नीट कळेना. मी विचार करत होतो. तरुणपणी बाजाराला बेळगावला जायचो. बसच्या पाट्या कन्नडमध्ये. बस काही माझ्यासाठी थांबत नव्हती. धूळ उडवत यायची, पाटी डोळ्यांपुढून जायच्या आत ओळखावी लागायची, नाहीतर बेळगाव सोडून भलतीकडंच पोचायचं. कुणाला विचारायला मला लाज. तर मी त्या पाट्या कशा वाचायला शिकलो? अक्षरं मला धड येत नव्हती. मी ती पाटी माणूस ओळखावा तशी ओळखायचो. लांबून चालत येणारा माणूस आपण नाक, डोळे, कान असा जोडून ओळखतो काय? चालीवरून ओळखतो. तसंच 'बेळगावी' हे अक्षरांचं गाठोडं मला लांबून चालत येताना दिसायचं.

हे मी त्रिशलाला सांगितलं तेव्हा तिनं मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आप्पा, म्हणजे तुमी लई आधीपासून स्पीड रीडिंग करतासा."

"मला ठाऊकच नव्हतं," मी म्हणालो. खरंच नव्हतं. डोळा हे काय यंत्र आहे, ह्याचा आपण कधी विचारच करत नाही. केवढंसं ते बुबुळ. त्यातून शेत आत जातं, आकाश आत जातं, आणि काळ्या मुंग्यांची एक ओळ आत गेली की तिकडं आत समुद्र होतो, पाखरू होतं, बर्फ होतो. मुंग्या इथंच राहतात, कागदावर. मग आत गेलं ते काय गेलं? मी बस्तीत हा प्रश्न विचारला. दोन म्हाताऱ्यांत वाद झाला.

हळूहळू टिंग व्हायच्या आत उतारा संपायला लागला. आधी काठावर, मग थोडा वेळ राहायला लागला. पहिल्यांदा वेळ उरला त्या दिवशी ती मोबाइलकडं बघतच बसली. तो टिंग करायची वाट बघत. दोघंही वाट बघत होतो. झाला तेव्हा तिनं सुस्कारा टाकला, डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसा.

परीक्षा बेळगावला होती, सकाळच्या वेळेची. म्हणून आम्ही आदल्या दिवशीच खासबागेत माझ्या थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं गेलो. महावीर येतो म्हणत होता. मी म्हणालो, ऐकणारा मी हाय, मीच जाणार.

आक्कानं चहा ठेवता ठेवता विचारलं, "काय रं, ऐकलं ते खरं? तू हिला इंग्रजी शिकवतोस? चौथीतनं पळालेला तू."

"पळालो न्हाय. उठून आलो."

"दप्तर तिथंच ठेवून उठून आलास. ते आणायला मला जावं लागलं."

त्रिशलाला हसू आवरेना. परीक्षेच्या आदल्या दिवशी हसली म्हणून मी आक्काला काही बोललो नाही.

आक्काच्या शेजारच्या घरात माग चालतात. दिवसभर तो खटखट आवाज भिंतीतून येतो. त्रिशला म्हणाली, बघून येऊ या. आम्ही दारात उभे राहिलो. धोटा ह्या काठाकडून त्या काठाकडं जायचा आणि परत यायचा. इतका झरझर, की धोटा दिसतच नव्हता, नुसतं कापड पुढं सरकताना दिसत होतं. निळ्या लुगड्याचा पदर बोट-बोट वाढत होता. मी त्रिशलाच्या डोळ्यांकडं बघितलं. ते धोट्याबरोबर जात-येत होते. मला ओटा आठवला, खांब आठवला. हिच्याही डोळ्यांमागं असंच काहीतरी विणून होत असणार, एवढंच माझ्या मनात आलं. तिचे हात गार पडले होते. माझा हात धरून उभी होती म्हणून कळलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या जागी फाटकावर ही गर्दी. मुलं, मुली, आई-बाप, सगळ्यांच्या हातात कागद, सगळ्यांच्या तोंडाला कोरड. त्रिशला आत गेली. मागं वळून बघितलं नाही, तेच बरं झालं. मी तिच्यामागं दोन पावलं गेलो असेन. फाटकाशेजारी एक इंग्रजी पाटी होती. तिच्याकडं नजर गेली आणि मी जागीच उभा राहिलो. त्यातला एक शब्द लांबून चालत येताना मी ओळखला. 'ओन्ली'. उताऱ्यांत सारखा यायचा. फक्त. आणि त्याच्या आधीचा मोठा शब्द त्रिशलाच्या परीक्षेच्या कागदावर होता, तोच. म्हणजे फक्त परीक्षा देणाऱ्यांनीच पुढं जायचं.

पहारेकरी माझ्याकडं आला. "अज्जा, वळग बिडंगिल्री," म्हणाला, म्हणजे आत सोडत नाहीत.

"वाचलंय मी," मी त्याला कन्नडमध्येच सांगितलं, आणि मागं येऊन झाडाखाली बसलो.

जी भाषा मला बघून पुढं निघून जायची, तिनं आज थांबून मला सांगितलं, बाबा, इथपर्यंतच. भोवती एवढी माणसं होती, कुणाला काही पत्ता नव्हता. मी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचली. प्रत्येक वेळी तोच अर्थ निघत होता.

त्रिशला बाहेर आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मी काय विचारायचं ते ठरवून ठेवलं होतं. पण तिनं मला विचारूच दिलं नाही. माझा हात धरून रसाच्या गाड्याकडं चालायला लागली आणि चालता चालताच सुरू झाली.

"आप्पा, एक डोंगर हाय, बर्फातला. त्याच्या पोटात खोल कोठार केलंय. आणि त्यात सगळ्या जगाचं बी ठेवलंय. दाणे. सगळ्या देशांनी आपापलं बी नेऊन ठेवलंय. पुढं कधी रोग पडला, न्हायतर लढाईत सगळं गेलं, तर परत पेरता यावं म्हणून. तिथं एवढी थंडी असते, की वीज गेली तरी बी टिकून राहतं."

मी रस्त्याच्या मधे थांबलो. मागून रिक्षावाला ओरडला.

"आपला जोंधळा पण?"

"असणार."

"असणार?"

"आप्पा, तेवढ्यात मी पुढच्या ओळीवर गेलते."

आम्ही रस पिताना, बसस्टँडावर, बसमध्ये, सगळीकडं त्या कोठाराबद्दलच बोललो. बी कशात बांधतात, त्याला कीड कशी लागत नाही, कुलूप कुणाच्या ताब्यात. संकेश्वर मागं पडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, पेपर कसा गेला ते मी विचारलंच नाही. मग विचारलं नाही. उतारा शेवटच्या ओळीपर्यंत तिच्या चेहऱ्यावर होता. तो वाचून झालेला माणूस कसा दिसतो हे मी रोज ओट्यावर बघत होतो.

तरीही घरी आल्यावर दिवस लांबले. शेंडे खुडून झाले की पानांच्या बगलेतून फुटवे येतात, ते काढत राहावं लागतं. पुस्तकं सोप्यात होती. बांधलेली नव्हती, उघडलेलीही नव्हती. त्रिशला दुकानात मदतीला जाऊन बसायची आणि महावीर घरी आला की माझ्याकडं बघायचा. काढलेला फुटवा परत येतो, परत काढायचा. तेवढंच काम.

मग एक दिवस दुपारी मी, गंगव्वा आणि चार बायका वरच्या तुकड्यात होतो. त्रिशला बांधावरून येताना दिसली. पळत नव्हती. मोबाइल हातात, चप्पल न घालता. मी तिच्या चालीवरून काही ओळखायला बघितलं, पण माझे डोळे ऐनवेळी भरून आले. चिकाचा हात लागला असणार.

"आप्पा, झालं," ती म्हणाली.

"झालं म्हणजे? नीट सांग."

"पास झाले. पुढच्या मोठ्या परीक्षेला बोलावलंय. इंग्रजीत पण निघाले."

बायका गोळा झाल्या. गंगव्वानं कडाकडा बोटं मोडायला हात वर केले आणि चीक बघून तसेच खाली घेतले.

"वाच," मी म्हणालो.

"वाचलं की."

"तू वाचलंस. मी कुठं ऐकलं? वाच. बोट ठेवून."

"बोट ठेवलं की ओळ पळते, आप्पा. काच हाय ती."

"मग न ठेवता वाच. पण सावकाश. आज घड्याळ लावायचं न्हाय."

ती मोठ्यानं वाचायला लागली. "यू," ती म्हणाली. म्हणजे तू. "हॅव बीन." म्हणजे झाली आहेस. "शॉर्टलिस्टेड." तिथं मी हात वर केला. म्हणजे काय? तिनं सांगितलं, पुष्कळांतून निवडून काढलेली. बरं, पुढं. ओळी दोनच होत्या. बस्तीत तिचा आवाज लागायचा तसा उघड्या रानात लागत होता, एकेक शब्द सुटा, आणि शेवटी शेवटी थोडा हलणारा.

संपलं. मोबाइल खाली घेऊन ती माझ्याकडं बघत होती.

"पुन्हा पहिल्यापासून वाच," मी म्हणालो. "गंगव्वाला नीट ऐकू गेलं न्हाय."

"व्हय, न्हाय गेलं," गंगव्वा म्हणाली.

त्रिशलानं नजर पुन्हा पहिल्या शब्दावर नेली. आणि बस्तीत मूर्तीच्या अभिषेकाचं पाणी, गंधोदक, घ्यायला धरतात तसे आपापले काळे, चिकट हात पुढं धरून आम्ही सगळे सरीत उभे राहिलो.